गुरुजी, एक मिनिट!

गेल्या शनिवारी ऑफिसातल्या एका मित्राच्या लग्नाला नाशिकला गेलो होतो. मुहूर्त १२ वाजून ३४ मिनिटांचा. हा आकडा आमच्या प्रोग्रॅमर मित्राने हौसेने निवडलेला नव्हता, रीतसर पंचांगातून आलेला होता (मी विचारून खात्री करून घेतली). पुण्याहून पहाटे साडेपाचला निघून, चाकणचं ट्रॅफिक आणि नारायणगावची मिसळ असे दोन्ही अडथळे पार करून आम्ही मुहूर्ताला हजर! आमच्या घराण्याच्या मानाने हा पराक्रमच.

तर १२:३३. अंतरपाट धरलेला. मंगलाष्टकं संपत आलेली. चारेकशे लोक मुठीत अक्षता घेऊन उभे. गुरुजींनी शेवटच्या 'सावधान'साठी श्वास घेतला आणि तेवढ्यात समोरून एक हात वर झाला.

"गुरुजी, एक मिनिट!"

कुणाचा तरी मेमरी कार्ड बदलायचा होता. अर्ध्या तासापूर्वी याच गुरुजींनी मुलीच्या वडिलांना मध्येच बोलल्याबद्दल दोनदा दटावलं होतं. ते आता शाळेतल्या मुलासारखे गप्प उभे राहिले. आम्ही चारशे जणही तसेच. समोर नवरा-नवरी म्हणावी तर दिसत नव्हती. दिसत होत्या काळ्या टी-शर्टातल्या पाच पाठी. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले आणि एक जण गिंबल घेऊन खेकड्यासारखा आडवा चालणारा. १२:३४ चे १२:३६ झाले. पंचांगकर्त्यांनी काढलेला मुहूर्त एका मेमरी कार्डाने पुढे ढकलला आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग हार. "वहिनी, हार वरच धरा. खाली नाही आणायचा. दादा, इकडे बघा. स्माइल! हां, अजून एक." ती दोघं ते जाडजूड हार वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेसारखे तोलून उभी. आम्ही सगळे बाजूच्या एलईडी स्क्रीनवर लग्न बघत होतो. दहा मीटरवर खरं लग्न चालू असताना!

मी चिडलो. मी दर लग्नात चिडतो. बायको म्हणाली, "तुझं लग्न नाहीये. जिलब्या गरम आहेत, चल."

जिलब्या खरंच गरम होत्या. पण परत येताना चार-पाच तास गाडीत हाच विषय डोक्यात होता, म्हणून आज लिहून टाकतो.

मी डिबगिंगवर पोट भरणारा माणूस. आमच्याकडे चालू प्रोग्रॅमच्या आत काय चाललंय ते बघायच्या ढोबळमानाने दोन तऱ्हा असतात. एक म्हणजे ब्रेकपॉइंट टाकायचा. प्रोग्रॅम त्या ओळीवर आला की जागच्या जागी थिजतो, तुम्ही निवांत आत डोकावता, झालं की 'हं, चल पुढे' म्हणता. दुसरी म्हणजे लॉग. प्रोग्रॅम आपल्या गतीने चालू राहतो, कोपऱ्यात कुणीतरी निमूटपणे नोंदी करत असतं, वाचायचं ते तुम्ही नंतर वाचा. आपल्या टेबलावर बसून ब्रेकपॉइंट टाकायला कुणाची हरकत नाही. पण खरे युजर जोडलेल्या चालू सिस्टिमवर ब्रेकपॉइंट टाकणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी एचआरकडे बोलावतात. लग्न ही चालू सिस्टिम आहे, चारशे युजर जोडलेले आहेत, आणि ती एकदाच चालते.

शिवाय हायझेनबग नावाचा एक छळवादी प्रकार असतो. बघायला गेलं की गायब होणारा बग. डिबगर लावला की प्रोग्रॅमची वेळेची गणितं बदलतात आणि जे शोधायला आलो ते घडतच नाही. नवरीच्या आईच्या डोळ्यात पाणी येतं, फोटोग्राफर "काकू, इकडे बघा" म्हणतो आणि काकू पदराने डोळे पुसून छान हसतात. गेला बग!

डॉक्युमेंटरी पद्धत म्हणजे ही लॉगवाली पद्धत. फोटोग्राफरने काही घडवायचं नाही, थांबवायचं नाही, पुन्हा करायला लावायचं नाही. जिथे उभं राहायला मिळेल तिथून, असेल त्या उजेडात, जे चाललंय ते टिपायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात यासाठी विधी कुठला कधी येतो हे तोंडपाठ लागतं. कानपिळीच्या वेळी नवरीचा भाऊ कुठल्या बाजूने येणार, नवऱ्यामुलाचा कान कुठला धरणार, हे आधी ठाऊक नसेल तर तुम्हाला त्याच्या पाठीचा फोटो मिळणार.

ही काही आजची टूम नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँने लहानसा लायका कॅमेरा घेऊन, फ्लॅश न वापरता, लोकांत मिसळून फोटो काढायची जी रीत रूढ केली, तिचंच हे लग्नाच्या मांडवातलं रूप. त्याचं 'द डिसिसिव्ह मोमेंट' या नावाने गाजलेलं पुस्तक १९५२ चं. एलियट अर्विटचा १९६७ चा सायबेरियातल्या ब्रात्स्क गावचा एक फोटो आहे, मिळाला तर जरूर बघा. नवरा-नवरी खुर्च्यांवर गंभीरपणे बसलेली आणि शेजारी एक गृहस्थ कसल्यातरी भानगडीवर मिश्किल हसतायत. काय भानगड ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण त्या एका हसण्यामुळे सगळं लग्न जिवंत झालंय. कुठल्याही फोटोग्राफरने 'भाऊ, तुम्ही जरा बाजूला व्हा' म्हणून या माणसाला फ्रेमबाहेर काढलं असतं.

अमेरिकेत लग्नाच्या धंद्यात ही पद्धत रुळवण्याचं श्रेय बरेचदा डेनिस रेगीला देतात. १९९६ साली जॉन एफ. केनेडी ज्युनियरचं लग्न जॉर्जियातल्या कम्बरलँड बेटावर, एका चिमुकल्या लाकडी चर्चमध्ये, मोजक्या पाहुण्यांत आणि गुपचूप झालं. चर्चमधून बाहेर पडताना त्याने चालता चालता बायकोचा हात उचलून ओठांना लावला आणि रेगीने ते टिपलं. तो फोटो जगभर छापला गेला. थांबवून 'पुन्हा एकदा किस करा' म्हटलं असतं तर चांगला उजेड मिळाला असता, फोकसही नेमका बसला असता, आणि फोटो मेला असता. १९९९ मध्ये ती दोघंही विमान अपघातात गेली. आज त्यांची आठवण निघाली की तो हातच डोळ्यांसमोर येतो.

थोडं तांत्रिक बोलल्याशिवाय मला चैन पडणार नाही, तेव्हा सहन करा. मांडवात, विशेषतः आपल्या हॉलमध्ये, उजेड कमी असतो. फिल्मच्या काळात लोक साधारण १०० ते ४०० आयएसओची रंगीत फिल्म घालत. तेवढ्यावर हॉलमध्ये फ्लॅशशिवाय चालता-बोलता माणूस पकडायचा म्हणजे नशिबाचा खेळ. २००७ साली निकॉनचा डी३ आला, तो ६४०० आयएसओला चांगले वापरण्याजोगे फोटो द्यायला लागला. ४०० च्या सोळापट! म्हणजे सोळा वेळा कमी उजेड असला तरी चालेल. त्यानंतर मिररलेस कॅमेरे आले, त्यांत शटरचा आवाजसुद्धा बंद करता येतो. म्हणजे कोपऱ्यात उभं राहून, फ्लॅश न उडवता, 'खटॅक' न करता लग्न टिपणं आता शक्य आहे. फोटोग्राफरला लग्न थांबवायला लागावं अशी जी काही खरी तांत्रिक कारणं होती, ती दहा-पंधरा वर्षांपूर्वीच संपली. आता जे उरलंय ती सवय आहे. (एक अडचण मात्र कुणालाच सुटलेली नाही: डेकोरेटरचे जांभळे दिवे. लग्नाच्या अल्बममध्ये अचानक सलग दहा फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसले की कलात्मकता समजू नका, तिथे जांभळी लाइट होती असं समजा.)

आणि गंमत म्हणजे, जुन्या लोकांनी लग्न एवढं थांबवलंच नव्हतं. माझ्या आईबाबांचं लग्न १९७५ चं. अल्बममध्ये एकूण तेवीस फोटो. बारा-बाराचे दोन रोल, त्यातला एक फोटो वाया गेला असणार. प्रत्येक क्लिकला पैसे पडत होते, त्यामुळे फोटोग्राफर बहुतेक वेळ कोपऱ्यात गप्प उभा असावा. त्या तेवीसमधला माझा आवडता फोटो पंगतीचा आहे. आजोबा तूप वाढतायत आणि आईची आत्या पानावर हात आडवा धरून 'पुरे पुरे' म्हणत्येय. तोंड उघडं, डोळे मिटलेले. पन्नास वर्षं झाली, आजही तो बघताना तिचा आवाज ऐकू येतो असं आई म्हणते.

खरी दादागिरी सुरू झाली ती व्हिडिओ कॅसेटबरोबर. ज्यांची मुंज किंवा मावशीचं लग्न १९९० च्या आसपास झालंय त्यांना तो हॅलोजन आठवत असेल. एक माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन, दुसरा मागे सूर्य हातात धरून. आपण श्रीखंडपुरीचा घास तोंडात कोंबलेला असताना नेमका तो सूर्य आपल्यावर उगवायचा आणि चांगला अर्धा मिनिट मावळायचा नाही. चावावं की हसावं? आमच्या पिढीला कॅमेऱ्यासमोर जे अवघडलेपण आहे त्याचं मूळ तिथे आहे असं माझं ठाम मत आहे. असो, विषयांतर झालं.

माझं स्वतःचं लग्न २००६ चं. आमचा फोटोग्राफर हाडाचा दिग्दर्शक होता. कन्यादानाच्या वेळी सासऱ्यांनी हातावर पाणी सोडलं तेव्हा त्यांचा हात चांगलाच थरथरत होता, अर्धं पाणी माझ्या गुडघ्यावर सांडलं. ते वाकून बायकोला काहीतरी हळूच म्हणाले. तेवढ्यात, "गुरुजी, फ्लॅश नाही उडाला, पुन्हा घ्या!" गुरुजींनी पुन्हा घेतलं. दुसऱ्या टेकला हात स्थिर, पाणी बरोब्बर, सासरे कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न. तोच फोटो मोठा करून त्यांच्या हॉलमध्ये लावलाय. वडील काय म्हणाले ते फोटोग्राफरच्या आवाजात बायकोला ऐकू आलं नाही. नंतर तिने दोन-तीनदा विचारलं, ते "काही नाही गं" म्हणतात. आता तर त्यांना स्वतःलाही आठवत नसावं. मलाही खरं कन्यादान म्हणून आठवतो तो फक्त ओला गुडघा. बाकी सगळी आठवण त्या फोटोचीच आहे, म्हणजे दुसऱ्या टेकची.

त्यामुळे २०१४ मध्ये धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी कंबर कसली. बहिणीलाही पटलेलं होतं. डॉक्युमेंटरी पद्धतीने काम करणारा एक फोटोग्राफर शोधला. शोधताना एक गोष्ट शिकलो ती सांगून ठेवतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर ही वेळ येणार आहे. सध्याच्या पॅकेजांमध्ये 'ट्रॅडिशनल', 'कँडिड', 'सिनेमॅटिक', 'ड्रोन' अशी थाळीसारखी यादी असते. त्यातलं 'कँडिड' म्हणजे डॉक्युमेंटरी असेलच असं अजिबात नाही. "एकमेकांकडे बघा, हसा, कँडिड काढतोय!" हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. नवरी खिडकीशी उभी राहून कानातलं घालत्येय, उजेड गालावर अलगद पडलाय, असा फोटो दिसला की समजा, ते कानातलं निदान पाच वेळा घातलेलं आहे. लॉग फाइल आधी लिहून मग त्याप्रमाणे प्रोग्रॅम चालवल्यासारखं हे. दिसायला सुंदर, माहिती शून्य. तेव्हा फोटोग्राफरला निवडक चाळीस फोटो मागू नका, ते सगळ्यांचे झकास असतात. एकाच लग्नाचे सगळेच्या सगळे दिलेले फोटो दाखव म्हणा. त्यात पाहुणे दिसतात का, म्हातारे दिसतात का, वाढपी आणि बँडवाले दिसतात का, की सहाशे फोटोंत नवरा-नवरीच, ते बघा.

आमच्या माणसाचं काम खरंच अप्रतिम झालं. सातशे फोटो दिले, त्यांतले पन्नास तरी असे की अजूनही पोट भरत नाही. गौरीहरापाशी बसलेली बहीण, हातात तांदूळ, आणि चेहऱ्यावर मी कधीच न पाहिलेली भीती. खोलीत आई तोंडात सेफ्टी पिन धरून कुणाच्या तरी निऱ्या करत्येय. रुखवताच्या टेबलामागे काका खुर्चीत गाढ झोपलेत, समोर साखरेचा बंगला. बाबा हॉलच्या मागच्या बोळात केटररशी पानांच्या संख्येवरून वाद घालतायत, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात चुरगाळलेली यादी. सबंध लग्नात बाबा कुठे होते हे मला त्या फोटोमुळे कळलं. स्टेजवरच्या फोटोग्राफरला ते दिसले नसते, कारण ते स्टेजवर आलेच नाहीत.

मामाने बहिणीला मांडवात आणलं तो फोटो तर काय सांगू! मामा सांगलीच्या शाळेत पीटीचा मास्तर, सगळ्यांशी कवायतीच्या आवाजात बोलणारा. फोटोत तो तिचा कोपर दोन बोटांनी इतका हलकेच धरून चाललाय, जणू काचेचं भांडं.

आता कबुलीजबाब.

मी नुसता फोटोग्राफर शोधून थांबलो नव्हतो. मी तत्त्वाला पेटलो होतो. स्टेजवर रांग लावून अहेराबरोबर फोटो काढायचा प्रकार मी रद्द करवला. हॉलच्या दारात 'चपला इथे काढाव्यात' या पाटीशेजारी 'कृपया मोबाइलने फोटो काढू नयेत' अशी पाटी लावली. परदेशात असं करतात असं कुठेतरी वाचलं होतं. फोटोग्राफरने मला दोनदा विचारलं होतं, "सर, फॅमिली ग्रुप घ्यायचे का? घ्यायचे असतील तर यादी द्या, दहा मिनिटांत उरकतो." मी म्हटलं, "छे छे, ते टिपिकल नको. तुम्ही तुमच्या पद्धतीने करा." बिचारा व्यवसाय करत होता, कडवा मी होतो.

पाहुण्यांनी पाटी पाळली नाही हे उघडच आहे. आमच्या घरच्यांनी मात्र माझ्या शब्दाखातर पाळली. बहिणीच्या सासरचे लोक व्यवहारी. त्यांनी आपल्या ओळखीचा एक स्टुडिओवाला तासाभरासाठी बोलावून आपल्या बाजूच्या माणसांचे ओळीने फोटो काढून घेतले. मी मनात हसलो होतो.

आत्या रुसली. अल्बम बघून म्हणाली, "म्हणजे आम्ही आलो होतो याला पुरावा काय?" मी तिला डॉक्युमेंटरी पद्धत समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे. पण मी पैठणी नेसले होते."

२०२१ च्या एप्रिलमध्ये मामा कोविडने गेला. आठवड्याभरात आटोपलं सगळं, कुणाला सांगलीला जाताही आलं नाही. तेराव्याला आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर. मोठी मावशी इंदूरहून, धाकटी न्यू जर्सीहून, आई आमच्याकडे पुण्यात. कॉल संपताना मोठी मावशी मला म्हणाली, "तुझ्याकडे सगळे फोटो असतात ना रे? आमचा चौघांचा एक पाठव. ताईच्या लग्नातला असेल." ताई म्हणजे माझी बहीण.

बरोबरच होतं तिचं. चार भावंडं चार गावांना. मोठेपणी चौघंही एका छताखाली आली असं ते बहुधा एकमेव लग्न. धाकटी मावशी खास त्यासाठी पंधरा दिवस आली होती. त्या रात्री मी सातशेच्या सातशे फोटो बघितले. मग हार्ड डिस्कवरचे इतर सगळे. मग फोटोग्राफरला फोन केला. सात वर्षांनंतरही त्याने न दिलेल्या फोटोंमध्ये शोधतो म्हणाला, आणि शोधलं त्याने, पण जुन्या लग्नांच्या मूळ फाइल्स त्याने ठेवलेल्या नव्हत्या. चौघांचा फोटो नाही. दोघा-तिघांचे भरपूर आहेत. सगळ्यात जवळचा आहे तो पंगतीतला. तिघी बहिणी शेजारी शेजारी बसून कशावर तरी फुटेस्तोवर हसतायत आणि डावीकडून फ्रेममध्ये एक हात आलाय, मठ्ठ्याची वाटी पुढे करणारा. मनगटावर घड्याळ, डायल आतल्या बाजूला. तसं घड्याळ मामाच घालायचा.

फोटो म्हणून तो उत्तम आहे. कुठल्याही प्रदर्शनात लावावा असा. मी तो मावशीला पाठवला. तिने उत्तर दिलं, "छान आहे. पण याचा चेहरा?"

माझ्या आवडत्या पद्धतीवर मी त्या दिवसापासून वेगळा विचार करायला लागलो. नाही, स्टेजवरची ती दोन तासांची रांग आणि 'दादा, स्माइल' हे मला अजूनही मान्य नाही. विधी थांबवणं तर अजिबात नाही. पण माझी चूक अशी होती की मी ग्रुप फोटोलाही त्याच टोपलीत टाकलं. कन्यादान पुन्हा करायला लावणं म्हणजे जे घडून गेलं त्याची नक्कल करवणं. चार भावंडांना खुर्च्यांवर ओळीने बसवणं यात नक्कल कसली? ती बसतात, पदर सारखा करतात, कुणीतरी कुणाला 'तू इकडे ये' म्हणतं, फोटो निघतो. ते तेव्हाच, तिथेच घडतं. अर्विटच्या त्या फोटोतली नवरा-नवरी तरी काय, खुर्च्यांवर नीट बसलेलीच होती की. आणि आत्याने विचारलेला पुराव्याचा प्रश्न मी जितका हसण्यावारी नेला तितका तो हसण्यासारखा नव्हता. आमच्याच भाषेत बोलायचं तर लॉग कितीही बारीक लिहा, शेवटी कोण कोण हजर होतं याची एक साधी यादी लागते. ती लॉगमधून काढू म्हटलं तर नेमकी एक नोंद सापडत नाही.

शिवाय डॉक्युमेंटरी फोटोग्राफर कितीही गुणी असला तरी तो परका असतो. त्याला रंग, हावभाव, गडबड दिसते. या तिघी आणि तो मठ्ठा वाढणारा मास्तर ही सख्खी भावंडं आहेत, आणि वर्षानुवर्षं एकत्र आलेली नाहीत, हे त्याला कसं दिसणार? ते सांगायचं काम घरच्या माणसाचं. मी त्याला यादी दिली नाही, मग तो तरी काय करेल.

मोठ्या मावशीच्या नातीचं लग्न येत्या डिसेंबरात इंदूरला आहे. फोटोचं खातं पुन्हा माझ्याकडेच आलंय (आत्याने यावर एक सुस्कारा सोडला). फोटोग्राफर ठरवलाय, एका लग्नाचे सगळे फोटो बघून. अटी दोनच घातल्यात. पहिली म्हणजे गुरुजींना कुठल्याही कारणासाठी थांबवायचं नाही. बॅटरी संपो, कार्ड भरो, जे हुकलं ते हुकलं. दुसरी, सीमांतपूजन उरकलं की जेवणाआधी वीस मिनिटं, हॉलबाहेरच्या आंब्याखाली, आठ खुर्च्या. यादी मी करतोय. मावशीने आतापर्यंत तीनदा फोन करून ती दुरुस्त केलीय आणि मामी, मामाचा मुलगा, सून यांना पहिल्या फोटोत घातलंय. मला म्हणाली, "आणि तू पण बस त्यात. नाहीतर उभा राहशील लांब, मॅनेजमेंट करत."

परवा त्या फोटोग्राफरशी शेवटचं बोलणं झालं. तरुण मुलगा, कामात हुशार, त्याला माझ्या अटी एकमेकींशी जुळेनात. जरा चाचरत म्हणाला, "सर, त्या खुर्चीवाल्या फोटोंमध्ये नॅचरल ठेवू ना? म्हणजे आपसात गप्पा मारतायत, हसतायत असं?"

म्हटलं, "नको. सगळ्यांना सरळ कॅमेऱ्यात बघायला सांग."